सकाळी न चालणारी आगगाडी

"आन ऐक, हिच्यात खोबरेल घालू नगंस," रंभाबाई म्हणाल्या होत्या.

मी "हो हो" म्हटलं. ऐकून न ऐकल्यासारखं करताना म्हणतात, तसलं हो हो. एका हातात धम्मदीपा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत नुकतीच दुरुस्त झालेली आगगाडी, आणि बाहेर माझ्या स्कूटरच्या मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत उभा. अशा वेळी "का बरं?" असं विचारायला कोण थांबतं? शिवाय मी एम.एस्सी. आहे. केमिस्ट्री. खोबरेलात कोणकोणती आम्लं असतात हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवलेले आहेत. नेऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमधल्या सत्तरीच्या बाईंकडून मी तेलाचं काय शिकणार?

पण आधी आगगाडीचं सांगायला हवं. नाहीतर एवढ्याशा खेळण्यापायी ही बाई पुण्याजवळच्या मारुंजीतल्या घरून नेऱ्याला खेपा का घालत होती, असं तुम्हाला वाटेल.

आमची धम्मदीपा चार वर्षांची आहे. ती खात नाही. "अगं, मुलं खातातच कुठे?" असं मला सगळे सांगतात, विशेषतः ज्यांची मुलं दोन-दोन पोळ्या हाणतात ते. दिवाळीनंतर डॉक्टरांकडे वजन केलं तर काटा बारा किलो आठशेवर थांबला आणि पुढे जाईना. मी काट्याला हात लावून बघितला. डॉक्टरांनी माझा हात बाजूला केला. "तीस जानेवारीला परत आणा," ते म्हणाले, "निदान चारशे ग्रॅम वाढायला हवं. नाहीतर मग रक्त वगैरे तपासून बघू."

रक्ताचं मी समजू शकते. त्या 'वगैरे'नं माझी झोप उडाली.

तरी आमच्या हातात एक हुकमी उपाय होता. माझ्या भावानं, प्रदीपनं, तिच्या वाढदिवसाला सेलवर चालणारी आगगाडी पाठवली होती. लाल इंजिन, मागे तीन उघडे डबे, लंबगोल रूळ. एकदा सकाळी मी थालीपिठाचा तुकडा विसरून मधल्या डब्यात ठेवला. गाडी फिरून धम्मदीपासमोर आली, तिनं चालत्या गाडीतून तुकडा उचलला आणि खाल्ला. मी श्वास रोखून दुसरा तुकडा ठेवला. तोही गेला. त्या दिवसापासून आमच्याकडे नाश्ता रेल्वेनं येतो. टेबलाच्या एका टोकाला मारुंजी, मध्ये नेरे आणि धम्मदीपाच्या खुर्चीसमोर हिंजवडी. मेट्रोची वाट बघणाऱ्या हिंजवडीला रुळांवरची गाडी सगळ्यात आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर पोचली, असं अनिकेत, माझा नवरा, ऑफिसात सांगत असतो.

नोव्हेंबरच्या शेवटी ती बंद पडली. आतून मोटार किर्रर्र फिरल्याचा आवाज यायचा, पण चाकं जागच्या जागी. अनिकेतनं त्याच दिवशी ऑनलाइन दुसरी मागवली. निळी. धम्मदीपानं ती सगळ्या बाजूंनी तपासली आणि सांगितलं, "ही मालगाडी आहे. हिच्यात कोळसा नेतात. खाऊ नाही नेत."

विषय संपला.

आमच्या गेटवरच्या विश्राममामांनी रस्ता दाखवला. "मॅडम, नेऱ्यात रंभाबाईकडं न्या. आधी पान्याच्या मोटारी भरायच्या, आता बारक्या भरत्यात."

नेऱ्यात दोन उंच इमारतींच्या मधोमध, बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकाला टेकून, ती शेड उभी होती. पाटी अर्धी पुसलेली: 'बहिरू मोटार रिवाइंडिंग वर्क्स. येथे सर्व प्रकारच्या पाणबुडी मोटारी भरून मिळतील.' दारात एक कुत्रं आडवं पडलेलं. कुत्रं कसलं, गादीची गुंडाळी! त्याला ओलांडून आत जावं लागलं; उठण्याचा विचारही त्यानं केला नाही.

आत रंभाबाई. नऊवारी, काटकुळ्या, नाकात नथीऐवजी एक चमकी, आणि कपाळाला दोरीनं बांधलेलं घड्याळवाल्याचं भिंग. भिंग डोळ्यावर ओढून त्यांनी गाडी उलटी केली, चार स्क्रू काढले, मोटारीच्या वायरी सेलला लावल्या. मोटार गर्रकन फिरली.

"मोटार ठनठनीत हाय. दुखनं गेरात हाय." इंजिनाच्या पोटात एक पांढरी प्लास्टिकची डबी होती. तिच्यात एकात एक अडकलेली दातेरी चाकं. चिमट्यानं त्यांनी चाकांच्या मधून काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते येतच राहिलं. "हे बग. दीड हात. तुजाच केस हाय ह्यो."

"बाळंतपणानंतर फार गळतात हो, मावशी."

"पोर चार वर्साची झाली की! आजून बाळंतपन सरलं न्हाई व्हय?"

धम्मदीपा हसली. मी हसले नाही.

"मोटारीच्या दांड्यावरचं हे बारकं चाक तडाकलंय. मोटार फिरती, पन ह्ये नुसतंच गरगरतंय, फुडच्याला धरंत न्हाई." त्यांनी खाऊच्या जुन्या डब्यातून मूठभर चाकं बाकावर ओतली. भिंतीवरच्या घड्याळातली, प्रिंटरमधली, मेलेल्या खेळण्यांमधली. एक एक उचलून त्या भिंगाखाली फिरवू लागल्या. "नाव काय गं तुजं?"

"धम्मदीपा."

रंभाबाई गप्प झाल्या.

आता हे मला सांगायलाच हवं. आमच्याकडचं नाव ऐकलं की काही माणसं एक क्षण थांबतात. मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघतात आणि मग पुढचं बोलतात. तो क्षण मी शाळेपासून ओळखते. किती लांब, किती आखूड, सगळं कळतं मला. हा तर फारच लांबला. मी पिशवीचा बंद घट्ट धरला.

"छत्तीस," रंभाबाई म्हणाल्या. "दात बराबर हायेत डबीतल्या मोठ्या चाकाचे. मधी बोललं की मोजलेलं इसरतंय. हां, काय म्हनलीस नाव?"

"धम्म-दीपा!" धम्मदीपा ओरडली.

"एवढ्याशा जिवाला लई मोठं नाव हाय गं. मी दिपी म्हनंन. चालंल?"

"चालेल. तुमच्या कुत्र्याचं काय?"

"स्टार्टर."

त्यांचे मालक बहिरू विहिरीवर जाऊन मोटारी उतरवायचे-चढवायचे आणि तांब्याची तार भरायचं नाजूक काम बाईंचं, हे मला हळूहळू कळलं. सहा वर्षांमागे बहिरू गेले. "पयलं दुपारी हितं चार-पाच शेतकरी बसल्यालं असायचं, आपापली मोटार कदी हुतीया म्हनून. समदी हितंच भाकरी सोडायची. आता शेतंच न्हाईत तर मोटार कुटली जळायची? आता टावरातली खेळनी जळत्यात." हे त्यांनी रडगाणं म्हणून सांगितलं नाही, नवीन चाक दांड्यावर दाबून बसवता बसवता सांगितलं.

गाडी चालली. मी पर्समधला रव्याचा लाडू पुढे केला. माझ्या पर्समध्ये कुठला ना कुठला खाऊ नेहमी असतो, धम्मदीपाला चुकून भूक लागलीच तर हाताशी असावा म्हणून. रंभाबाईंनी तो बाकाच्या कडेला ठेवला. "ऱ्हाऊ दे. पोट भरलंय."

दुपारचे तीन वाजले होते. लाडवाशेजारी फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता आणि त्या फडक्याची गाठ सकाळी कुणीतरी घट्ट मारली होती तशीच होती. पोट कशानं भरलं मग? की माझा लाडू नको होता? मी नाव आणि लाडू एकत्र जोडून बघितलं, पुन्हा सुटं केलं. आणि या गोंधळात असतानाच त्या खोबरेलाबद्दल म्हणाल्या. मी काय म्हटलं ते तुम्हाला माहीतच आहे.

पंधरा-वीस दिवस गाडी छान चालली. डिसेंबरात एका दुपारी जराशी कुरकुरली. रंभाबाईंनी मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला होता. एक थेंब! आईच्या मनाला तो कमीच वाटणार. मी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आणली, उन्हात ठेवून पातळ केली आणि डबीच्या फटीतून दोन थेंब सोडले. गाडीनं ते घेतले. चार सोडले. तेही घेतले. आमच्या घरात कुणीतरी तक्रार न करता गिळतंय, याचाच मला इतका आनंद झाला की मी आणखी घातलं. गाडी लोण्यासारखी पळायला लागली. अनिकेतला मी म्हटलंसुद्धा, "बघ, घरच्या घरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गाडीनं "उं" केलं आणि ती मारुंजीतच थांबली.

धम्मदीपानं तोंड मिटलं. मी गाडी हातानं ढकलली. "ड्रायव्हर रजेवर आहे," मी म्हटलं, "आज आईच इंजिन." तिनं माझ्याकडे, मग गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग हिंजवडीची माणसं पण रजेवर."

दुपारी मी गाडी स्कूटरच्या डिकीत टाकून नेऱ्याला नेली. रंभाबाईंनी बटण दाबलं. गाडी बाकावरून अशी सुटली की स्टार्टरच्या पाठीवर जाऊन पडली.

"काय झालंय हिला?" रंभाबाई म्हणाल्या.

"सकाळी चालत नव्हती."

"आता तर पळतीया. तेलबील घातलंस काय?"

"नाही," मी म्हटलं. एम.एस्सी.च्या आवाजात.

दुसऱ्या सकाळी पुन्हा "उं". दुपारी पुन्हा नेऱ्यात मेल एक्स्प्रेस. तिसऱ्यांदाही तेच. "तुज्या घरात तिला काय तरी दिसत आसंल," रंभाबाई म्हणाल्या. "तेल?" "नाही हो, मावशी!" एकदा खोटं बोललं की ते तसंच पुढे न्यावं लागतं, आता मध्येच हो कसं म्हणणार?

अनिकेतनं नवे सेल घातले, टेबलाचा उतार मोजला, रूळ पुसले. "आमच्याकडे असं रोज होतं," तो शेवटी म्हणाला. "आमच्या मशिनवर चालतं, गिऱ्हाइकाच्या मशिनवर चालत नाही. मग आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, मशिन बदला."

"म्हणजे घर बदलू?"

"मी फक्त पद्धत सांगितली."

त्या रविवारी सकाळी धम्मदीपाच्या डोक्याला तेल लावायचं होतं. मी गरम पाण्याच्या पातेल्यात खोबरेलाची बाटली धरून उभी होते, आतला पांढराशुभ्र गोळा विरघळायची वाट बघत, आणि अनिकेतला विचारत होते, "सकाळीच का बंद पडते? दुपारी का चालते? सकाळी असं काय असतं जे दुपारी नसतं?" तो म्हणाला, "मीटिंग." गोळा विरघळला, मी तेल लावलं, वेणी घातली. माझ्या डोक्यात प्रकाश म्हणून पडला नाही.

या खेपांमध्ये मी दुसरंही काही बघत होते. बघणं हा माझा स्वभाव आहे. दरवेळी दुपार उलटलेली असे आणि दरवेळी फडक्याची गाठ तशीच. चौथ्या खेपेला मी मुद्दाम रेंगाळले. रंभाबाईंना वाटलं मी फोनवर बोलतेय. त्यांनी गाठ सोडली, डबा उघडला, भाकरी-भाजीचा वास आला. त्यांनी डबा उचलून दाराशी नेला आणि स्टार्टरपुढे उपडा केला. वर मी आणलेली चिक्कीही मोडून घातली.

म्हणजे लाडवाचं तसं काही नव्हतं. स्टार्टर कुणाच्याच घरचं सोडत नव्हता. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. दारातलं कुत्रं गरगरीत आणि आतली बाई काटकी, हे गणित पहिल्या दिवसापासून माझ्या समोर आडवं पडलेलं होतं. मी त्याला ओलांडून जात होते.

"मावशी, डबा कोण देतं?"

रंभाबाई दचकल्या. "सून. शुभांगी. पाचाला उठून करती, मग कामाला जाती. निरंजन, माजा ल्योक, हितं आनून ठेवतो." जरा थांबून, "तिला सांगू नगंस बाय. तिच्या हाताला चव हाय. मला एकटीला घास उतरत न्हाई, येवढंच. चारचौघांत खायची सवं पडलीया."

माझ्याच घरात एकीला घास उतरत नव्हता. आणि ते आठवलं तसं माझं सगळं अवसान गळालं. जानेवारी उजाडला होता. न्हाणीघरातल्या आमच्या काट्यावर धम्मदीपा बारा किलो आठशेची बारा सहाशे झाली होती.

"मावशी, ही गाडी खेळायची नाहीये हो," मी म्हटलं. "ती गाडीतूनच खाते. गाडी चालली नाही तर ती खात नाही. तीस तारखेला वजन आहे. वाढलं नाही तर रक्त तपासणार आहेत, वगैरे."

रंभाबाईंनी भिंग कपाळावर सरकवलं. "मंग हे पयल्या दिशी का न्हाई सांगितलंस?"

"आणि मी खोबरेल घातलंय."

"ते ठावं हाय मला. पयल्या खेपंलाच वास आला हुता. म्हनलं बगू, शिकल्याली बाय कदी कबूल हुती. मला वाटलं खेळनं हाय, काय घाई हाय." त्या आता खरंच चिडल्या होत्या. स्वतःवरही. "पोराचा घास आडलाय आन आपन दोगी हितं कोन हरतंय त्ये बगत बसलोय! उद्या शनवार. सकाळी सातला ये. उपाशी आन तिला. रूळ बी आन."

सकाळी सातला नेऱ्यात धुकं होतं. इमारतींचे वरचे मजले दिसतच नव्हते. डब्यात थालीपीठ, दही, कानटोपीत धम्मदीपा. रंभाबाईंनी थंडगार गाडी उलटी केली, चार स्क्रू काढले, पांढऱ्या डबीचं झाकण उचललं आणि डबी माझ्या नाकाखाली धरली.

आत चाकं दिसतच नव्हती. सगळं पांढरंशुभ्र, घट्ट. वाटीत गोठलेलं तूप असावं तसं. छत्तीस दात त्यात गाडलेले.

"आता बोल," रंभाबाई म्हणाल्या.

खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांना गोठतं. हे मी लिहिलेलं आहे. अधोरेखित करून. घरातली सकाळ सतरा-अठरा अंशांची. दुपारी डिकीत आणि पत्र्याखाली तापलेली गाडी. दर रविवारी तोच गोळा मी गरम पाण्यात धरून विरघळवत होते.

"हे एम.एस्सी. तूप हाय," रंभाबाईंनी धम्मदीपाला सांगितलं. "तुजी आय गाडीला बी बळंच भरवती."

त्यांनी चाकं एक एक सुटी केली, वाटीभर पेट्रोलमध्ये जुन्या दातब्रशानं घासली, फडक्यावर वाळत घातली. धम्मदीपाला ब्रश दिला. "दात घास गं त्यांचं. समद्यांचं सारकं." धम्मदीपा, जी स्वतःचे दात घासायला पाऊण तास लावते, तिनं छत्तीसच्या छत्तीस घासले. मग चाकं जागेवर बसली, एक थेंब मशीनचं तेल पडलं, झाकण लागलं. तिथेच बाकावर आम्ही रूळ मांडले. गाडी सुटली. थंडीत, सकाळी साडेसातला.

मी टाळ्या वाजवल्या.

"थांब," रंभाबाई म्हणाल्या. "रिकामी तर कुनीबी पळंल. मोटार भरून झाली की लोड देऊन बगायची आसती. आमी पंप जोडून पानी उपसून बगायचो. हिचा लोड काय?"

"थालीपीठ!" धम्मदीपा म्हणाली.

मी डबा उघडला, तुकडा मोडला, ठेवला आणि नेहमीसारखी तिच्यासमोर वाकून बसले. गाडी तिच्यापाशी आली. तुकडा पुढे निघून गेला.

"तू कुटं बगतीस?" रंभाबाईंनी मला विचारलं.

"तिच्याकडे."

"आसं? घास हातात घ्यायच्या आदीपासून गिळंस्तवर? मला बी कुनी आसं टक लावून बगितलं तर माजा घास तितंच आडकंल. गाडी कशापायी आवडती तिला? गाडी आली की तू गाडीकडं बगतीस, म्हनून! उठ. तिकडं तोंड कर. स्टार्टरकडं बग."

माणसाला आपली चूक दुसऱ्यानं दाखवलेली सहन होत नाही, आणि इथे एकाच सकाळी दोन झाल्या होत्या. पण मी उठले. दाराकडे तोंड करून उभी राहिले. स्टार्टर माझ्याकडे बघत होता.

पाठीमागे गाडी फिरत होती. रुळांच्या एका सांध्यावर ती दरवेळी 'टक्' करते. टक्. टक्. मी कान टवकारले. तुकडा उचलल्याचा काही आवाज येतो का? थालीपीठ चावल्याचा येतो, कडेचं कुरकुरीत असेल तर.

"आजी, हा तुमचा," धम्मदीपाचा आवाज.

"मला नगं गं. माजं पोट..."

"तुमचं स्टेशन आलंय. तुम्ही नाही घेतला तर गाडी पुढे नाही जाणार." आणि गाडीचं बटण बंद झालं. शेडमध्ये फक्त पत्र्यावर पडणाऱ्या दवाचे थेंब.

माझी मान वळू बघत होती. मी दाराची चौकट धरली.

"बरं बाय. लोड बगायचाच हाय," रंभाबाई पुटपुटल्या. बराच वेळ काही नाही. मग कुरकुर. कडेचाच तुकडा होता.

"आता माझा," धम्मदीपा म्हणाली. बटण. टक्. कुरकुर.

टक्. "आजी, तुमचा." कुरकुर. टक्. "माझा." मग दोघी काहीतरी हसल्या. मग, "दिपी, ह्या तुकड्याला दही लाव." "गाडीत सांडेल." "सांडू दे, डबा धुता येतुया." स्टार्टर उठून बसला. मी त्याला पहिल्यांदाच उठलेला बघितला. त्याला काहीतरी बदलल्याचा वास आला असावा. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं मी दिवाळीनंतर डॉक्टरांच्या काट्याकडे बघितलं होतं.

"सोड आता चौकट," मागून आवाज आला. "मोडंल."

मी वळले. चार थालीपिठांचा डबा होता. एक तुकडा उरला होता आणि त्यावरून दोघींचं भांडण चाललं होतं.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला. गाडी सुटली की मी खिडकीकडे तोंड करून हिंजवडीच्या दिशेनं चाललेल्या कंपन्यांच्या गाड्या बघते आणि कान मात्र रुळाच्या सांध्यावर ठेवते. सोपं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा चोरून बघितलं, दोन्ही वेळा पकडले गेले. आणि दर शनिवारी दुपारी 'लोड टेस्ट'ला नेऱ्याला जायचं. शुभांगीताईंची भाजी आणि आमची पोळी एकाच गाडीतून फिरते. शुभांगीताई, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचं गुपित फोडल्याबद्दल, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं, मला माफ करा. तुमच्या हाताला खरंच चव आहे. स्टार्टरचंही तेच मत आहे.

तीस जानेवारीला काटा तेरा किलो शंभरवर थांबला. चारशेऐवजी तीनशे. मी काट्याला हात लावला नाही. डॉक्टरांनी आकडा बघितला, तिचे डोळे बघितले, जीभ बघितली. "चाललंय बरोबर," ते म्हणाले. "असंच चालू द्या." रक्त नाही. वगैरेही नाही. बाहेर येऊन मी पहिला फोन नेऱ्याला केला. रंभाबाई म्हणाल्या, "शंबर माज्या पोटात गेलं आसंल."

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. पुढच्या आठवड्यात अनिकेतला कंपनी चार महिन्यांसाठी चेन्नईला पाठवतेय आणि आम्ही दोघीही जातोय. गाडी सोबत आहे. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी रंभाबाईंना म्हटलं, "तिथे इतकं गरम असतं की खोबरेल बारा महिने पातळच राहतं."

"तरीबी घालू नगंस," त्या म्हणाल्या.

या वेळी मी का ते विचारलं. "धूळ धरतंय," त्या म्हणाल्या. मी लिहून घेतलं.

आणि मग मी निघताना वळून बघितलं. बाकावर फडक्यातला डबा. गाठ घट्ट. बुधवारची दुपार उलटली होती. आम्ही शनिवारच्या, आणि आता चार महिने शनिवारही नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मारुंजी, नेरे, हिंजवडी या बाजूला राहत असाल तर एकदा दुपारी एक-दोनच्या सुमाराला तिकडे जा. खेळणं बिघडलेलंच असायला हवं असं नाही. चाललं तर त्या म्हणतील, तुमच्या घरात त्याला काहीतरी दिसत असेल. "जेवलात का?" असं मात्र विचारू नका, त्या "व्हय" म्हणतील. आत शिरायच्या आधी दारातल्या स्टार्टरकडे बघा. बरगड्या दिसत असतील तर सगळं ठीक आहे, त्याला बिस्किट घाला आणि या. पण तो गादीच्या गुंडाळीसारखा आडवा पडलेला असेल तर तसंच त्याला ओलांडून आत जा, बाकावर आपला डबा उघडा, एक घास त्यांच्यापुढे ठेवा आणि दाराकडे तोंड करून बसा. आणि मला कळवा.